तयार की तय्यार

इराकमधल्या माझ्या विद्यार्थ्यांचे चेहरे आता नीटसे आठवत नाहीत. हात मात्र आठवतात.

आपल्याकडे हवाई दलाच्या किरण विमानात शिकवणारा आणि शिकणारा शेजारी-शेजारी बसतात. पोरगा ओठ चावतोय का, डोळे समोरच्या वेग-उंचीच्या घड्याळांवर आहेत की बाहेर कुठे हरवलेत, सगळं दिसतं. तिथं शिकवायचं होतं एल-३९ वर. चेकोस्लोव्हाकियाचं जेट ट्रेनर, जागा एकामागे एक. मुलगा पुढे, मी मागे. समोर त्याच्या खुर्चीची पाठ आणि हेल्मेटची कड, बस. पण विमान वळवायच्या दोघांच्या काठ्या एकमेकींना जोडलेल्या. त्यानं पुढे काठी हलवली की माझ्या मुठीत तीच हलते. पंधरा दिवसांत मला नाव न ऐकता कळायला लागलं की आज पुढे कोण बसलंय. एकजण काठी अशी धरायचा की जणू सुटली तर पळून जाईल. दुसऱ्याचा हात इतका हलका की विमान कोण चालवतंय असा प्रश्न पडावा. ज्याच्याबद्दल मुख्यतः लिहायचंय त्याचा हात सारखा बारीक बारीक चाळवत असायचा, झोपेत कुत्र्याचे पाय हलतात तसा.

मी हवाई दलात प्रशिक्षक होतो. तांबरमला फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूलचा कोर्स केलेला, मग दुंडीगलला तीन वर्षं किरणवर पोरं सोलोला, म्हणजे एकट्यानं उडायला, सोडलेली. १९८१ च्या उन्हाळ्यात डेप्युटेशनचं पत्र आलं. आपल्या हवाई दलातले लोक इराकमध्ये शिकवायला जाणं तेव्हा नवीन नव्हतं. नवीन होतं ते युद्ध. सप्टेंबर १९८० मध्ये इराकनं इराणवर हल्ला केला होता, आणि ते दोन-तीन महिन्यांत आटपेल असं म्हणणारे एव्हाना गप्प झाले होते. आम्ही पोचायच्या दोन महिने आधी, ७ जूनला, इस्रायलच्या विमानांनी बगदादजवळची अणुभट्टी उडवली होती. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला एवढंच सांगितलं की खजूर आणीन.

आम्हाला दिलेली सूचना सोपी होती. शिकवायचं, लढाईत पडायचं नाही. आघाडीच्या दिशेला ठरावीक रेषेपलीकडे उडायचं नाही. ती रेषा नकाशावर लाल पेन्सिलीनं ओढलेली होती आणि दर काही महिन्यांनी कोणीतरी ती खोडून नवीन ओढायचं.

विमानानं अम्मानपर्यंत, तिथून बसनं वाळवंटातून बगदाद, असा प्रवास झाला. रुतबाला चहाला थांबलो. कंबर आवळलेल्या छोट्या ग्लासात काळा चहा, खाली बशी. शेजारच्या म्हाताऱ्यानं तो बशीत ओतला आणि फुरका मारला. मला एकदम आमच्या गावचा स्टँड आठवला आणि दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

तळाचं नाव लिहीत नाही. बगदादच्या उत्तरेला, तिग्रीसपासून फार लांब नाही, एवढं पुरे.

पहिले दोन आठवडे आम्हीच विद्यार्थी होतो. किरणमध्ये उंची फुटांत आणि वेग नॉट्समध्ये. इथे उंची मीटरमध्ये, वेग ताशी किलोमीटरमध्ये. डोक्यात वर्षानुवर्षं बसलेले आकडे पुसून नवे बसवायचे. वर फळ्यावरचे आणि फॉर्मवरचे आकडे त्यांच्या लिपीतले. त्यांचा पाच म्हणजे हुबेहूब आपलं शून्य. त्यांचं शून्य म्हणजे नुसता टिंब. पहिल्या दिवशी मी उड्डाणांच्या तक्त्यात एका मुलाच्या नावापुढे शून्य तास वाचले आणि त्याला विमानाच्या पायऱ्या कशा चढायच्या इथपासून सांगायला लागलो. तो बिचारा अदबीनं सगळं ऐकत राहिला. त्याचे पाच तास झालेले होते. गंमत म्हणजे अरबीत या आकड्यांना 'हिंदी आकडे'च म्हणतात. माझ्यावर हसताना त्यांनी तेही आवर्जून सांगितलं.

मुलं आमच्याकडे यायची ती ब्राव्हो नावाच्या छोट्या स्विस विमानावर सुरुवातीचे तास करून. वय एकोणीस-वीस. इंग्रजीचा कोर्स झालेला असायचा, पण जमिनीवरचं इंग्रजी वेगळं आणि हवेतलं वेगळं. प्रशिक्षकाला हवेत सतत बोलावं लागतं. आम्ही त्याला पॅटर म्हणतो. हात काय करतायत ते त्याच क्षणी शब्दांत सांगायचं, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. तांबरमला हे बोलणं घोकून घोकून पाठ केलेलं. इथं पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की माझं वाक्य मुलाच्या डोक्यात अरबी होऊन हातापर्यंत पोचेस्तोवर विमान पुढे निघून गेलेलं असतं. मग वाक्यं गेली, शब्द उरले. त्यातले बरेचसे त्यांचेच. 'यवाश, यवाश', म्हणजे हळू, हळू. 'खलास', म्हणजे झालं, पुरे. हा शब्द तर मी सोबत घेऊनच गेलो होतो.

आणि 'तय्यार'. हे कळलं तेव्हा मी खरंच हसलो होतो. उड्डाणाआधी सवयीनं मी विचारलं, "तयार?" पुढे बसलेला मुलगा खुशीत ओरडला, "येस सर! तय्यार!" तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुभाष्यानं सांगितलं की अरबीत तय्यार म्हणजे वैमानिक. आपला 'तयार' फारसीतून आला, पण मूळ तिथलंच, उडण्याच्या धातूपासूनचं. म्हणजे मी रोज सकाळी प्रत्येक पोराला विचारत होतो, 'वैमानिक का रे तू?' आणि ज्यांचे अजून दहा तासही झाले नव्हते ती पोरं छाती फुगवून हो म्हणत होती.

उन्हाळ्यात उड्डाणं पहाटेच सुरू व्हायची. दहा वाजले की विमानाच्या पत्र्याला हात लावायची सोय नाही. दुपारी पारा पंचेचाळीसच्या वर. तापलेली धावपट्टी विमानाला खाली बसूच देत नाही. टेकतंय टेकतंय म्हणताना ते तरंगत पुढे जातं. उतरण्याआधी चाकं खाली आली का, तीन हिरवे दिवे लागले का, हे मुलानं मोठ्यानं सांगायचं असतं. "थ्री ग्रीन्स?" मी विचारायचो. "इन्शाअल्ला, सर." सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. देवाची इच्छा नंतर, आधी दिवे बघ! मग लक्षात आलं, दिवे त्यानं बघितलेलेच असतात. पण अजून जमिनीला न टेकलेल्या गोष्टीबद्दल ठामपणे हो म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. शेवटी आमची तडजोड झाली, "थ्री ग्रीन्स, इन्शाअल्ला." दिवे आधी.

चाळवणाऱ्या हाताचा मुलगा मला १९८२ च्या उन्हाळ्यात मिळाला. त्याला मी लांब्या म्हणायचो, मनात. उंची एवढी की कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, बंद करताना मला भीती वाटायची. मला सगळे 'सर' म्हणायचे, हा 'उस्ताद' म्हणायचा. तिथं तो शब्द मास्तराला सर्रास वापरतात, पण माझ्या कानाला त्यात तबल्याचा ठेका ऐकू यायचा. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "उस्ताद, शलोनक?" शब्दशः अर्थ 'तुझा रंग कसा आहे?' म्हणजे कसे आहात. मी म्हटलं, सावळा.

तो उन्हाळा वाईट होता. मे अखेरीला खोर्रमशहर इराणनं परत घेतलं होतं आणि लढाई आता सरहद्दीवर येऊन ठेपली होती. रस्त्यावर टॅक्सी दिसायच्या, टपावर झेंड्यात गुंडाळलेली शवपेटी बांधलेली. गल्लीच्या तोंडाशी काळं कापड टांगलेलं, त्यावर शहिदाचं नाव. 'शहीद' वाचायला मला अरबी शिकावं लागलं नाही. २१ जुलैला पहाटे इराणची फँटम विमानं थेट बगदादवर आली, शहराच्या दक्षिणेला दौराच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावर. सप्टेंबरमध्ये बगदादला अलिप्त राष्ट्रांची परिषद व्हायची होती. ती झाली नाही. पुढच्या मार्चमध्ये दिल्लीला झाली. आम्ही मेसमध्ये चेष्टेत म्हणायचो, इंदिराबाईंना यजमानपण फँटमनं मिळवून दिलं. ही चेष्टा अर्थात मराठीत चालायची, आम्ही दोघे मराठी होतो म्हणून.

त्याच सुमारास अमिताभ बच्चनच्या पोटाला शूटिंगमध्ये मार लागला आणि तो मरणाच्या दारात असल्याची बातमी आली. सकाळी ब्रीफिंगला गेलो तर सगळी पोरं माझ्याकडे बघत उभी. युद्धाबद्दल कोणी एक अक्षर बोलायचं नाही, बोलायची मुभाही नव्हती. पण अमिताभबद्दल रोज विचारणा. मला भारतातून काही खास बातमी असणार अशी त्यांची समजूत. माझ्याकडे काय होतं, तर रात्री खरखरणारा आकाशवाणीचा आवाज. तो वाचणार म्हणाले डॉक्टर, असं मी एक दिवस थापच मारली. सुदैवानं ती खरी ठरली.

आता लँडिंगचं सांगतो, कारण ते माझ्या अंगावर आहे.

ऑगस्टमधली सकाळ, नऊ वाजून गेलेले. खरं तर ते शेवटचं उड्डाण मी रद्द करायला हवं होतं. पण लांब्याचे तास मागे पडले होते. त्यानं सर्किट, म्हणजे उतरण्याआधीची धावपट्टीभोवतीची फेरी, छान केलं, वेग बरोबर, धावपट्टी समोर सरळ. मी निश्चिंत झालो. नेमक्या त्या क्षणी माझ्या मनात घरून आलेल्या पत्राचा विचार होता. मुलाला गोवर आला होता. एक सेकंद, जास्त नाही. त्यानं नाक जरा लवकर उचललं. गरम हवेनं खालून धक्का दिला आणि विमान जमिनीला टेकायच्या ऐवजी पुन्हा वर फुगलं. वेग उतरत चाललेला. घाबरून त्यानं काठी पुढे ढकलली. हे सगळ्यात वाईट. पुढचं चाक आधी आपटतं आणि विमान बेडकासारखं उड्या मारत सुटतं.

"आय हॅव कंट्रोल," मी म्हटलं. काठी हलेना. तो मुठीनं गच्च धरून बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात चाळवत नव्हता, दगड झाला होता. "आय हॅव कंट्रोल!" तरी नाही. मग माझ्या तोंडातून, पोटातून म्हणा, ओरडणं निघालं ते मराठीत. "सोड!"

त्यानं सोडली.

थ्रॉटल पुढे सारून पुन्हा वर जावं, तर या इंजिनाला जोर धरायला बरेच सेकंद लागतात, आणि ते माझ्याकडे नव्हते. नाक धरून ठेवलं, विमान जसं खाली पडेल तसं पडू दिलं. पडलं. कण्यातून कवटीपर्यंत कळलं. विमान जमिनीवरून चालवत परत आणेस्तोवर दोघांपैकी कोणी बोललं नाही. मेकॅनिकनं चाकांच्या पायांना टॉर्च लावून पाहिलं, काही तुटलं नव्हतं. रिपोर्टात मी लिहिलं की प्रशिक्षकानं नियंत्रण उशिरा घेतलं. खरं तेच होतं.

खाली उतरल्यावर लांब्यानं विचारलं, "उस्ताद, सोड म्हणजे काय?" सांगितलं. मग तो शब्द तळावर पसरला. ब्राव्होवरून नवीन आलेली पोरंसुद्धा एकमेकांची कॉलर धरून 'सोड, सोड' म्हणायची.

त्या दिवशी तो मला कँटीनमध्ये घेऊन गेला. सामून म्हणतात तो होडीसारखा पाव, त्यात उकडलेलं अंडं, आणि वरून पिवळं आंबट-तिखट काहीतरी ओतलेलं. "हे काय?" "अंबा." मी थांबलोच. आंबाच होता तो, कच्चा, मेथी-हळदीच्या वासाचा, लोणच्यासारखा. तुमच्याकडे आंबे होतात का, विचारलं. नाही, म्हणे, अंबा हिंदमधून येतो. मुंबईच्या बगदादी ज्यू व्यापाऱ्यांनी हा प्रकार तिकडे नेला असं सांगतात, म्हणजे आपले ससून डॉकवाले ससून आणि त्यांचे भाऊबंद. खरंखोटं व्यापारी जाणोत. माल पोचला तो मराठी नावासकट पोचला, एवढं मी खाऊन पाहिलंय.

ससूनच्या उलट्या वाटेनं आपलीही माणसं तिकडे गेली होती. पहिल्या महायुद्धात कुत-अल-अमाराला वेढ्यात सापडलेली सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला त्यांनी शस्त्रं ठेवली, आणि कैद्यांना समार्‍यापासून तिकरित, मोसुल असं पायी चालवत नेलं. कित्येकजण परत आलेच नाहीत. आमच्या तळावरून सकाळी उड्डाण केलं की तोच पट्टा खाली दिसायचा, पिवळा, रिकामा.

ऑक्टोबरात कोर्स लहान झाला. कोणी ठरवलं ते आम्हाला कधी कळलं नाही. एक दिवस नवीन कागद आला, त्यात इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगचे आणि फॉर्मेशनचे तास कापलेले. इन्स्ट्रुमेंटच्या तासांत मुलगा बाहेरचं काही न बघता नुसत्या घड्याळांवर विमान सरळ ठेवायला शिकतो. धुळीच्या वादळात जिवंत परत येण्याची विद्या ती हीच. आम्ही लेखी हरकत घेतली. उत्तर अत्यंत सभ्य भाषेत आलं, त्यात आमचे आभार मानले होते.

लांब्या नेमका त्यातच कच्चा होता. ढगात गेला की त्याचा हात चाळवायला लागायचा, आणि घड्याळांच्या मागे त्याचं विमान हेलकावे खायचं. मी त्याच्या फाइलवर लिहिलं, 'आणखी दोन सॉर्टी', म्हणजे उड्डाणं. त्या झाल्या. पुन्हा लिहिलं, आणखी दोन. मग मला चहाला बोलावणं आलं.

समोरचे अधिकारी माझ्यापेक्षा वयानं मोठे, शांत बोलणारे. मुलाबाळांची चौकशी झाली, गोवर बरा झाला का विचारलं. म्हणजे पत्रं कोणीतरी वाचत होतं. मग म्हणाले, "तुमच्या देशात तुम्ही एखाद्याला नापास करता, तेव्हा तो घरी जातो. जीव वाचतो. बरोबर?" मी म्हटलं, बरोबर. दुंडीगलला मी तीन पोरांना काढलं होतं, रडले होते ते, आणि मला झोप नीट लागली होती. "इथे तो घरी जाणार नाही," ते म्हणाले. "बसऱ्याला खंदकात जाईल. आता तुम्ही ठरवा." आणि ग्लासात साखर घालून, न ढवळता, त्यांनी चहा प्यायला.

प्रशिक्षक लढाईबाहेर असतो असं कोणी म्हटलं की मला हब्बानिया आठवतं. बगदादच्या पश्चिमेला, इंग्रजांच्या वेळचा तळ, तिथे त्यांची वैमानिकांची शाळा होती. एप्रिल १९४१ च्या अखेरीला इराकी फौजेनं तो वेढला तेव्हा शाळेतल्या मास्तरांनी आणि पोरांनी शिकवायच्या विमानांना बॉम्ब लटकावले आणि लढले. शाळाच लढली. आम्हाला कोणी बॉम्ब लटकवायला सांगितला नव्हता. सही मागितली होती.

सही करायच्या आधी मी एक केलं, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. सकाळी हवा कशी आहे ते बघायला एक विमान वर जातं. आठवडाभर ते मी घेतलं आणि पुढे लांब्याला बसवलं. कागदावर हवामानाचं उड्डाण. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावर हूड ओढलेलं, बाहेरचं काही दिसत नाही, समोर फक्त घड्याळं. सहा दिवस. पहिल्या दिवशी मळमळ होऊन पिशवी वापरली. चौथ्या दिवशी मी माझ्या काठीवर दोन बोटं ठेवून बसलो होतो, आणि मला वाटलं त्यानं हात काढून घेतला की काय. काठी स्थिर होती. विचारलं, "कंट्रोल कोणाकडे?" म्हणाला, "माझ्याकडे, उस्ताद." यवाश यवाश, स्वतःशीच पुटपुटत होता.

सातव्या दिवशी फाइल आली. त्यांच्या छापील फॉर्ममध्ये एक ओळ असते, आपल्याकडच्यासारखीच, की अमुक विद्यार्थी पुढच्या टप्प्यासाठी योग्य आहे. दुभाष्यानं बोट ठेवून दाखवली. मी विचारलं, यात तय्यार हा शब्द कुठला? त्यानं दाखवला. त्याखाली सही केली.

पुढचे महिने भराभर गेले. नवी बॅच, तीच वाक्यं, तीच लाल रेषा, आता आणखी अलीकडे सरकलेली. लांब्या लढाऊ विमानांच्या शाळेत गेला, मग कुठे ते सांगायची पद्धत नव्हती आणि विचारायचीही नव्हती. आमची परतीची तारीख ठरली त्याच्या थोडं आधी तो अचानक आला. अंगावर पूर्ण गणवेश, खांद्यावर मुलाजिमचा तारा. आपल्याकडे मुलाजिम म्हणजे नोकर, तिथे लेफ्टनंट. हातात अंब्याची बाटली, कागदात गुंडाळलेली. तळावर फोटो काढायला सक्त मनाई होती, म्हणून फाटकाबाहेरच्या फोटोवाल्याकडे गेलो. मागे रंगवलेला धबधबा होता. त्या कोरड्या मुलखात धबधबा कोणाच्या डोक्यातून आला कोण जाणे. खुर्चीवर मी, मागे तो उभा. मी विचारलं, तयार? म्हणाला, तय्यार, आणि मग आपण होऊन, "सोड."

अंब्याची बाटली अम्मानच्या विमानतळावर फुटली. कपड्यांना वास महिनाभर होता. हिनं दोन शर्ट टाकूनच दिले.

युद्ध ऑगस्ट १९८८ मध्ये थांबलं. मी एक पत्र लिहिलं होतं, मग पत्ता बरोबर आहे का या शंकेनं आणखी एक.

परवा नातू जुना अल्बम चाळत होता. फोटोच्या पांढऱ्या कडेवर फोटोवाल्यानं शाईनं तारीख घातली होती. नातवानं वाचायचा प्रयत्न केला. "शून्य, शून्य, एक, नऊ... आबा, शून्य तारीख असते?"

मी म्हटलं, ते पाच आहेत. पाच मे. मग तो फोटो जवळ धरून बराच वेळ बघत राहिला, आणि त्यानं विचारलं की या उंच काकांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवलाय तो फोटोत असा पुसट का आलाय.

हलला असेल, मी म्हटलं.